ताकदीची गोळी आणि फॅमिली डॉक्टर

अंगात त्राण नाही, पोटऱ्या वळतात, दोन जिने चढले की धाप लागते, 'ताकदीचं काहीतरी लिहून द्या' ही मागणी आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरपुढे रोज येते. रुग्ण तापासाठी आलेला असो की रक्तदाबासाठी, उठता उठता तो हे मागतोच. मग चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ वाढते. कधी बी-कॉम्प्लेक्स, कधी कॅल्शियम, कधी मल्टिव्हिटॅमिन, हल्ली बरेचदा डी-३ची पुडी. चिठ्ठीवरच्या बाकीच्या औषधांचा डॉक्टरने विचार केलेला असतो. या शेवटच्या ओळीचा तेवढा केलेला नसतो, आणि माझा आक्षेप नेमका त्यावर आहे. आपल्या समाजात काही पोषकद्रव्यांची उणीव खरी आहे, मोठी आहे आणि ती भरून काढणारी गोळी स्वस्त आहे. त्याच समाजात गरज नसलेल्या महागड्या गोळ्या लोक वर्षानुवर्षं खात आहेत. यातला कोण कुठल्या गटात बसतो हे सांगू शकणारा माणूस म्हणजे फॅमिली डॉक्टर. म्हणून त्याचा दृष्टिकोन तपासून पाहायला हवा.

डॉक्टरांच्या मनात काय असतं याची मोजदाद अमेरिकेत बऱ्यापैकी झाली आहे. २००९ साली 'न्यूट्रिशन जर्नल'मध्ये आलेल्या एका पाहणीत ९०० डॉक्टरांना प्रश्न विचारले होते. त्यांपैकी ७२ टक्के डॉक्टर स्वतः अधूनमधून तरी सप्लिमेंट घेत होते आणि ७९ टक्के डॉक्टर ती रुग्णांना सुचवत होते. या पाहणीमागे सप्लिमेंट बनवणाऱ्या उद्योगाची संघटना होती, हे ध्यानात ठेवूनच ते आकडे वाचावेत. तरीही डॉक्टर म्हटला की तो सप्लिमेंटच्या विरोधात असणार, ही समजूत त्याने मोडते. त्याच्या दोन वर्षं आधी तरुण डॉक्टरांना कायद्याबद्दल विचारलं गेलं, तेव्हा वेगळीच बाब पुढे आली. अमेरिकेत १९९४च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागत नाही. तिसऱ्या हिश्शाहून अधिक डॉक्टरांना हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे शिफारस होत होती, पण जी वस्तू सुचवायची ती कुठल्या चाळणीतून आली आहे याची माहिती नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टर-रुग्णांची संभाषणं ध्वनिमुद्रित करून जो अभ्यास झाला, त्यात सप्लिमेंटचा विषय निघे, ते का घेता हेही बोललं जाई. मात्र धोका काय, उपयोग किती आणि खर्च केवढा, या तीन गोष्टी क्वचितच निघत. आपल्याकडच्या दवाखान्यात असे ध्वनिमुद्रण केले तर याहून जास्त बोलणं सापडेल, असं मला वाटत नाही. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत एका रुग्णाला जेमतेम पाच मिनिटं मिळतात.

डॉक्टरांचा एक गट, विशेषतः नव्याने शिकून आलेला, या सगळ्याकडे संशयाने पाहतो. त्या संशयाला भक्कम आधार आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा-कॅरोटीन खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती, तो १८ टक्क्यांनी जास्त झाला. व्हिटॅमिन ई रोज मोठ्या मात्रेत घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ साली दिसलं. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी देऊनही कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाला नाही, आणि २०२२च्या विश्लेषणात हाडं मोडण्याचं प्रमाणही घटलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रतिबंधक वैद्यकाच्या तज्ज्ञगटाने बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई घेऊच नका असं सांगितलं, आणि मल्टिव्हिटॅमिनबद्दल पुरेसा पुरावा नाही असा निर्वाळा दिला.

हे वाचून 'सगळं निरर्थक आहे' असा निष्कर्ष पुण्या-मुंबईतल्या डॉक्टरने काढला तर मात्र तो चुकेल. 'व्हायटल'मधल्या लोकांच्या रक्तातली व्हिटॅमिन डीची सरासरी पातळी मुळात चांगली होती. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला आणखी वाढल्याने त्याचं बळ वाढत नाही, एवढंच त्या चाचणीने सांगितलं. उपाशी माणसाबद्दल तिने काहीच सांगितलेलं नाही. आणि उणिवेचा शास्त्रीय इतिहास तर आपल्याच शहरांत घडला आहे.

ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधक डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गरोदरपणात बायकांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय तिला अभ्यासायचा होता. त्यात तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत आणि संख्येने घटत. गिरणगावातल्या गरीब बायकांमध्ये तो फार आढळे, आणि त्यांच्या ताटात काय असतं हे तिने नीट पाहिलं. जंतू, अस्वच्छता या शंका बाजूला सारत ती आहारापाशी पोचली. शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रिटिश घरांत पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या स्वस्त मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे तिने दाखवलं. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिचा निबंध आला. त्या अर्कात जे द्रव्य होतं ते पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने असं सिद्ध केलं, की आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असलेल्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर तो दोष पुन्हा येण्याची शक्यता ७२ टक्क्यांनी घटते. इतका स्पष्ट फायदा वैद्यकातल्या फार थोड्या गोळ्यांच्या वाट्याला आला असेल. पण त्यासाठी ती गोळी दिवस राहण्यापूर्वी सुरू व्हायला हवी. आपल्याकडे पाळी चुकून दीड-दोन महिने झाल्यावर सून दवाखान्यात येते, तोवर बाळाच्या मज्जारज्जूची नळी बंद होऊन गेलेली असते. नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला ओळखणारा आणि 'मूल हवं असेल तर आत्ताच सुरू कर' असं सांगू शकणारा माणूस फॅमिली डॉक्टरच. ही गोळी सुचवायला तो कचरतो, आणि कॅल्शियमची मात्र न मागता लिहितो, हे मला फार खटकतं.

दुसरा अध्याय पुण्याचा. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. त्यात बी-१२ची उणीव अगदी सर्रास आढळली. पुढे मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासातही सुमारे दोन-तृतीयांश जणांची पातळी कमी निघाली, आणि शहरी मध्यमवर्गात तर ती सर्वाधिक होती. गरिबी म्हणजे उणीव, या आपल्या नेहमीच्या समीकरणाला इथे धक्का बसतो. बी-१२ वनस्पतीत नसतं. दूध-दह्यातून थोडं मिळतं, मांस-मासे-अंड्यांतून जास्त. आठवड्यातून एकदा रविवारी मटण खाणाऱ्या घराचीही यात सुटका होत नाही. २००८ साली या गटाने आणखी एक निरीक्षण मांडलं: गरोदरपणी ज्या आयांचं फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वांत जास्त होता. हे निरीक्षण आहे, कार्यकारण त्यातून सिद्ध होत नाही. पण एक जुनं सत्य डॉक्टरला त्यामुळे पुन्हा आठवायला हवं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड देत राहिलं, तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

आता हाच धागा धरून रोजच्या दवाखान्यात येऊ. मधुमेहाचा जुना रुग्ण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतो. त्याने बी-१२ घटतं. पित्तासाठी तो रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल घेतो. दीर्घकाळ घेतल्यास त्यानेही घटतं. शिवाय तो शाकाहारी असतो. तो म्हणतो, 'पायाला मुंग्या येतात.' डॉक्टर म्हणतो, 'शुगरमुळे.' असेलही, पण बी-१२ तपासल्याशिवाय तसं म्हणता येणार नाही. या रुग्णाला सप्लिमेंट द्यायला कुठलाही संकोच नको. उलट, मुंग्या म्हटल्या की सगळ्या 'बी' एकत्र असलेली गोळी वर्षभर लिहून ठेवण्याने नवा त्रास उद्भवू शकतो, कारण बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच मज्जातंतूंना इजा करतं आणि मुंग्या आणतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली बी-६ची दैनंदिन वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडच्या कित्येक गोळ्यांत ते याहून जास्त असतं. 'बी जीवनसत्त्वं काय, लघवीवाटे निघून जातात' हे डॉक्टरांच्या तोंडी नेहमी येणारं वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

व्हिटॅमिन डीवर थोडं थांबायला हवं, कारण गेल्या १५ वर्षांत डॉक्टरांचा दृष्टिकोन याच एका द्रव्याबाबत सर्वांत वेगाने बदलला, आणि तोही बऱ्याच अंशी प्रयोगशाळांमुळे. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये डी आणि बी-१२ आले. अहवालात आकडा लाल अक्षरांत छापून येऊ लागला. तो लाल आकडा घेऊन निरोगी माणूस डॉक्टरकडे येतो आणि डॉक्टर त्या आकड्याला औषध देतो. पण सामान्य पातळी कोणती, यावरच तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. २०११ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २० नॅनोग्रॅम पुरेसं म्हटलं, तर त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने ३०ची रेषा आखली. या दोन रेषांच्या मध्ये असंख्य माणसं 'कमतरते'ची रुग्ण ठरली. २०२४ साली त्याच एंडोक्राइन सोसायटीने ३०च्या रेषेचा आग्रह सोडला. निरोगी प्रौढांची डी तपासणी सरसकट करू नये आणि पन्नाशी-साठीतल्या धडधाकट माणसाला रोजच्या शिफारशीपलीकडे डी देऊ नये, असं सांगितलं. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं आणि ७५च्या पुढचे वृद्ध यांच्यासाठी मात्र ते द्यावं असा तिचा कल आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताने तर २०१०च्या अखेरीसच सरकारी खर्चाने होणाऱ्या सरसकट डी तपासण्या थांबवल्या होत्या.

तरीही भारतात डीची उणीव नाही असं कुणी म्हणू नये. दिवसभर घरात असणाऱ्या, अंग पूर्ण झाकून वावरणाऱ्या स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले आजोबा, जिथे ऊन पोचत नाही अशा खोल्यांत वाढणारी मुलं यांच्यात हाडं मऊ पडण्याचा आजार आजही दिसतो. बसता-उठताना मांड्या भरून येणारी, बदकासारखी डुलत चालणारी बाई 'वाताची' म्हणून वर्षानुवर्षं मलमं चोळत बसते आणि डीच्या योग्य मात्रेने काही आठवड्यांत सुधारते. अडचण येते ती मात्रेच्या बाबतीत. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घ्यायची असते. चिठ्ठीवर 'आठ आठवडे' लिहिलेलं नसतं, किंवा असलं तरी मेडिकलवाला तीच चिठ्ठी पाहून महिनोन्महिने पुडी देत राहतो. कुणी ती रोज घेतो. वर गुडघे दुखतात म्हणून सहा लाख युनिटचं इंजेक्शनही होतं. हे द्रव्य चरबीत साठतं, लवकर बाहेर पडत नाही. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्ट होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. भारतीय डॉक्टरांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदवले आहेत. अँटिबायोटिक लिहिताना 'पाच दिवस' लिहिण्याची शिस्त आपल्या डॉक्टरांना आहे. डी-३ लिहिताना ती का नसावी?

रुग्ण स्वतःहून काय घेतो, हे डॉक्टरने विचारणं हा या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. 'बाकी काही औषधं चालू आहेत का?' या प्रश्नाला रुग्ण 'नाही' म्हणतो, कारण केसांसाठीची गोळी, जिममधली पावडर किंवा भावजयीने दिलेला काढा यांना तो औषध समजत नाही. केसांच्या गोळीत बायोटिन असतं. ते जास्त प्रमाणात असेल तर थायरॉइडची आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणी चुकीची येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी एकाच वेळी घेतली तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये चार तासांचं अंतर हवं. हे न सांगितल्यामुळे थायरॉइडची मात्रा वाढवत न्यावी लागते. कोरोनाच्या काळात गुळवेल घराघरांत पोचली. २०२० सालच्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेतलेले यकृताच्या इजेचे सहा रुग्ण डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. हा वाद कुठल्याही बाजूने सुटो, कावीळ झालेल्या रुग्णाला 'काढा घेत होता का?' हे विचारण्याची गरज त्याने कमी होत नाही. आणि विचारताना आवाजात जरब नको. रागावणाऱ्या डॉक्टरपासून माणूस पुढच्या वेळी लपवतो.

प्रोटीन पावडरीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण इथे शंकेला फारशी जागा नाही. देशात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन उत्पादनांची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. जवळपास ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळत नव्हतं, काहींत बुरशीचं विष सापडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही त्याच वर्षीच्या आहार-मार्गदर्शनात स्नायू वाढवण्यासाठी अशा पावडरी टाळा असं सांगितलं. आजारातून उठलेल्या आईला तिच्या मुलाने महागडा डबा आणला तर डॉक्टरने दूध, अंडं, डाळ, शेंगदाणे यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. त्याला दोन मिनिटं लागतात.

डॉक्टर हे का करत नाही, याची कारणं त्याच्या एकट्याच्या स्वभावात शोधणं अन्यायाचं होईल. काही न लिहिता पाठवलं तर रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतो, ही भीती खरी आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी (एमआर) रोज येतो, आणि नव्या मिश्रणाची माहिती डॉक्टरला बहुतेक वेळा त्याच्याकडूनच मिळते. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेण्यावर डॉक्टरांना २००९ पासून बंदी आहे, मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठीही नवी आचारसंहिता आली, पण माहितीचा तोच एक झरा राहिला तर मतही तसंच बनणार. टॉनिकांचं हे वेड नवीन नाही. सरकारने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ साली अवघी ११७ आवश्यक औषधं निवडून दाखवली होती, आणि आपल्याकडे लोकविज्ञान चळवळीतल्या डॉक्टरांनी अनावश्यक टॉनिकांविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं. त्यानंतर भर पडली ती कायद्यातल्या एका वाटेची. आज अनेक सप्लिमेंट औषध म्हणून विकली जात नाहीत, ती अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात. त्यांना औषधांच्या किंमत-नियंत्रणाचे नियम लागू होत नाहीत, आणि वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं बंधनकारक आहे. ते वाक्य बारीक अक्षरांत असतं. डॉक्टरने चिठ्ठीवर नाव लिहिलं की रुग्णाच्या लेखी ते औषधच होतं. आपण लिहितो त्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नाचा, परवाना आहे की औषधाचा, एवढं जरी प्रत्येक डॉक्टरने एकदा उलटून पाहिलं, तर त्याची निम्मी चिठ्ठी बदलेल असं मला खात्रीने वाटतं.

आणि खऱ्या उणिवांतली एक उरली: लोह. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, पाच वर्षांखालच्या मुलांत तो ६९ टक्के होता. गरोदरपणी रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची लाल गोळी किमान १८० दिवस घ्यावी, ती सरकार फुकट देतं. त्याच पाहणीप्रमाणे देशात फक्त २६ टक्के आयांनी ती १८० दिवस घेतली. बाकीच्या का थांबल्या, हे कुठल्याही गावातली आशाताई सांगेल. शौचाला काळी होते, मळमळतं, 'गोळीने बाळ काळं होतं' असं सासू म्हणते, बाळ मोठं होऊन सिझेरियन होतं अशी आणखी एक धास्ती. आशाताईच्या बोलण्याला डॉक्टरच्या शब्दाचं वजन मिळालं तर गोळी चालू राहते. शौचाचा रंग बदलणारच, घाबरायचं नाही. रात्री जेवणानंतर घे. चहाबरोबर नको, लिंबू पिळलेल्या वरण-भातानंतर चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. हे सांगायला चिठ्ठीवर जागा लागत नाही.

मात्र तीन महिने नियमित गोळी घेऊनही हिमोग्लोबिन हललं नाही, तर चौथ्या महिन्यात नवं, महाग टॉनिक लिहिणं ही सवय सोडायला हवी. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत, मुंबईतल्या लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या काही समाजांत सिकलसेलचे. थॅलेसेमियाची वाहक असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बहुधा जन्मभर थोडं कमीच राहतं. तिला लोहाची उणीव असेलच असं नाही, आणि नसेल तर कितीही बाटल्या रिचवल्या तरी तो आकडा वाढणार नाही. तिला हवी असते एचपीएलसी नावाची रक्ततपासणी, आणि ती वाहक निघाली तर तिच्या नवऱ्याचीही, पोटातलं बाळ लहान असतानाच.